रक्तातला आकडा उतरतो, मग संरक्षण कोठे राहते?

दरवर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते आणि लाखो वारकरी पायी पंढरपूरला निघतात. २०२० साली मात्र हा नेम मोडावा लागला. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी ३० जून रोजी माउलींच्या पादुका मोजक्या माणसांसह एस.टी. बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२१ सालीही पादुकांनी बसनेच प्रवास केला. पुढे २१ जून २०२२ रोजी पालखीने प्रस्थान ठेवले आणि वारी पूर्वीसारखी पायी चालू लागली.

या दोन वर्षांत कोरोनाचा विषाणू नाहीसा झाला होता काय? मुळीच नाही. २०२२ च्या जून महिन्यातही तो महाराष्ट्रात पसरतच होता, आणि आजही तो आपल्यातून गेलेला नाही. मोठा बदल झाला होता तो आपल्या शरीरांत. २०२० च्या आरंभी या विषाणूची ओळख असलेले शरीर आपल्याकडे जवळजवळ नव्हतेच. दोन वर्षांनी, लसीमुळे म्हणा किंवा प्रत्यक्ष संसर्गामुळे म्हणा, अशी ओळख बहुतेकांना झालेली होती.

ही ओळख रक्तात मोजता येते. तिच्या मोजमापाला 'प्रतिपिंडांची चाचणी' किंवा रूढ शब्दांत 'अँटिबॉडी टेस्ट' म्हणतात. २०२१ साली कितीतरी लोकांनी ही चाचणी पैसे मोजून करून घेतली. कोणाचा आकडा मोठा आला, तो निर्धास्त होऊन तोंडावरचा मास्क काढून फिरू लागला. कोणाचा आकडा चार महिन्यांत निम्म्यावर आला, तो घाबरून गेला. या दोघांचेही बरोबर होते काय? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे जीवशास्त्र लागेल आणि थोडे पदार्थविज्ञानही लागेल. पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस या विषयावर का लिहीत आहे, हे त्यावरून पुढे तुमच्या ध्यानात येईल.

प्रतिपिंड म्हणजे काय?

कोरोनाच्या विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी उभी प्रथिने असतात. आपल्या नाकातील व फुप्फुसातील काही पेशींवर 'एसीई-२' नावाचे प्रथिन असते. विषाणूचा काटा या प्रथिनात अडकतो आणि मग विषाणू पेशीत शिरतो. काटा अडकू दिला नाही, तर विषाणू पेशीच्या दाराबाहेरच राहील. हे काम प्रतिपिंडे करतात.

प्रतिपिंड हेही एक प्रथिनच असते. त्याचा आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा, म्हणजे बेचकीसारखा असतो. बेचकीच्या दोन्ही टोकांना एक विशिष्ट खाच असते आणि त्या खाचेत बसेल अशाच वस्तूला ते चिकटते. रक्तद्रवात असे रोगविरोधी पदार्थ असतात, हे बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० साली दाखवून दिले. प्रतिपिंडाची रचना उलगडल्याबद्दल पोर्टर आणि एडेलमन यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता प्रश्न असा उद्भवतो, की जो विषाणू शरीराने कधी पाहिलाच नाही, त्याच्या मापाची खाच शरीर कशी तयार करते? गंमत अशी की शरीर आधी विषाणू पाहून मग खाच कोरत नाही. खाचा आधीच तयार असतात. आपल्या शरीरात 'बी-पेशी' नावाच्या असंख्य पेशी असतात आणि प्रत्येक पेशीजवळ एकाच प्रकारची खाच असते. जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून हे अफाट वैविध्य निर्माण होते. हे कोडे सोडवणारे जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांना १९८७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्यांचा एक जुडगा आपल्याजवळ आहे, अशी कल्पना करा. एक अनोळखी कुलूप समोर येते. त्यात कशीबशी फिरणारी एखादी किल्ली सापडते. मग त्याच किल्लीच्या हजारो प्रती काढल्या जातात आणि प्रती काढताना कानशीने थोडे थोडे घासून त्या अधिक नेमक्या केल्या जातात. आपल्या गळ्यातील व काखेतील लसीकाग्रंथींमध्ये संसर्गानंतर कित्येक आठवडे हेच काम चालू असते. म्हणून बरे झाल्यावर काही महिन्यांनी मिळणारी प्रतिपिंडे पहिल्या पंधरवड्यातील प्रतिपिंडांपेक्षा अनेकदा अधिक घट्ट चिकटणारी असतात.

या कामाला वेळ लागतो. संसर्गानंतर प्रतिपिंडे मोजता येण्याइतकी तयार होण्यास साधारणपणे एक ते दोन आठवडे जातात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती बहुतेकांच्या रक्तात सापडतात. त्यांचे मुख्य तीन प्रकार आपण ध्यानात ठेवू. 'आयजीएम' हा घाईघाईने येणारा व लवकर ओसरणारा प्रकार. 'आयजीजी' हा रक्तात दीर्घकाळ राहणारा प्रकार. आणि 'आयजीए' हा नाक, घसा यांच्या ओलसर अस्तरावर पहारा करणारा प्रकार. आजाराच्या पहिल्या दोनचार दिवसांत प्रतिपिंडांची चाचणी केली तर ती नकारार्थी येणार, हे उघड आहे. म्हणूनच रोग ओळखण्यासाठी नाकातील स्राव घेऊन आरटी-पीसीआर ही वेगळी चाचणी करतात.

आकडा मिळतो तरी कसा?

प्रतिपिंडे डोळ्यांना दिसत नाहीत. ती मोजायची एक सुंदर युक्ती आहे. तिचे नाव 'एलायझा'. हिची भारतीय बनावट पुण्यातच तयार झाली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था १९५२ साली 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू झाली आणि १९७८ साली तिला सध्याचे नाव मिळाले. या संस्थेने कोरोनाचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून 'कोविड कवच' नावाची एलायझा चाचणी विकसित केली. १० मे २०२० रोजी तिची घोषणा झाली. अडीच तासांच्या एका फेरीत ९० नमुने तपासण्याची तिची क्षमता होती.

एलायझासाठी प्लास्टिकची एक तबकडी घेतात. तिच्यात ९६ लहान घरे असतात. घरांच्या तळाशी विषाणूची प्रथिने चिकटवून ठेवलेली असतात. त्यावर तपासायच्या माणसाचा रक्तद्रव घालतात. त्यात योग्य प्रतिपिंडे असतील तर ती तळाच्या प्रथिनांना चिकटतात. नंतर घरे धुतात, म्हणजे न चिकटलेले सारे वाहून जाते. मग दुसरी प्रतिपिंडे घालतात. ती मानवी प्रतिपिंडांनाच चिकटतात आणि त्यांच्या शेपटीला एक विकर जोडलेले असते. पुन्हा धुतात. शेवटी एक रंगहीन द्रव घालतात. विकर जेथे टिकून राहिले असेल, तेथे तो द्रव रंगीत होतो. प्रतिपिंडे जितकी अधिक, तितका रंग गडद.

येथून पुढचे काम पदार्थविज्ञानाचे. घरातून एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात आणि किती प्रकाश शोषला गेला हे यंत्र मोजते. म्हणजे आपल्या हातातील अहवालात जो आकडा असतो, तो मुळात रंगाच्या गडदपणाचा आकडा असतो!

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की तळाशी कोणते प्रथिन चिकटवले आहे यावर उत्तर अवलंबून असते. काट्याचे प्रथिन असेल, तर संसर्ग झालेला व लस घेतलेला असे दोघेही सापडतात. विषाणूच्या आतील गाभ्याचे प्रथिन असेल, तर फक्त काट्याविरुद्ध काम करणारी लस घेतलेला माणूस सापडणार नाही, पण संसर्ग झालेला सापडेल. कोव्हिशील्ड ही अशी केवळ काट्याविरुद्धची लस होय. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असल्यामुळे तिच्यात मात्र हा भेद तितका स्पष्ट राहत नाही. दुसरी गोष्ट अशी, की चिकटणे म्हणजे अडवणे नव्हे. काही प्रतिपिंडे काट्याच्या अशा भागाला चिकटतात की विषाणूला त्याचे काहीच वाटत नाही. विषाणूला खरोखर निकामी करणारी प्रतिपिंडे मोजायची तर जिवंत विषाणू, प्रतिपिंडे आणि पेशी एकत्र ठेवून पेशी वाचतात का, ते पाहावे लागते. हा प्रयोग कडक सुरक्षिततेच्या प्रयोगशाळेतच करता येतो. नेहमीच्या अहवालात तो नसतो.

एका माणसाकडून शहराकडे

एका माणसाच्या बाबतीत हा आकडा फारसे सांगत नसला, तरी हजारो माणसांच्या बाबतीत तो पुष्कळ सांगतो. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात पुणे शहरात असे एक सर्वेक्षण झाले. त्यात पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांचा सहभाग होता. रुग्ण अधिक असलेले पाच विभाग निवडून १,६६४ लोकांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी ५१.५ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होते, तर कसबा पेठ-सोमवार पेठ विभागात ३६.१ टक्के. एकाच शहरात एवढा फरक! दाटीने राहणाऱ्या आणि सामायिक शौचालये वापरणाऱ्या कुटुंबांत प्रमाण अधिक आढळले. नोंद झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून एवढ्या प्रसाराचा अंदाज कोणाला आला नसता. कित्येकांना संसर्ग होऊन गेला आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

आळंदीला लागून असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्येही अशी पाहणी झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथे सुमारे ३४ टक्के लोकांत प्रतिपिंडे होती. जून २०२१ मध्ये, म्हणजे दुसरी लाट येऊन गेल्यावर आणि लसीकरण सुरू झाल्यावर, ते प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवर पोचले. देशभराचे चित्रही असेच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ च्या पाहणीत सुमारे २१ टक्के आणि जून-जुलै २०२१ च्या पाहणीत ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. या पाहण्यांसाठी निवडलेल्या ७० जिल्ह्यांत आपल्याकडील बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर व जळगाव हे जिल्हे होते.

येथे एक सावधगिरीची सूचना. पुण्याची ५१.५ टक्क्यांची बातमी ऐकून अनेकांना वाटले, की आता साथ आटोपली. प्रत्यक्षात २०२१ च्या वसंतात पुण्याला दुसऱ्या लाटेचा जबरदस्त तडाखा बसला. ते पाच विभाग म्हणजे सारे शहर नव्हते, त्या विभागांतही जवळजवळ निम्मे लोक विषाणूला अनोळखी होते आणि नवा आलेला डेल्टा हा प्रकार अधिक वेगाने पसरणारा होता. नमुना कोठून घेतला, हे विसरून टक्केवारी वाचली की अशी फसगत होते.

चिंचोक्यांचा खेळ

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. बरे झाल्यावर रक्तातील प्रतिपिंडांचा आकडा का उतरतो?

किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्ही शिकला आहात. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस असते, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते. शरीरातील प्रथिनेही सतत मोडली जातात. आयजीजी या प्रतिपिंडाचे अर्धायुष्य सुमारे २१ दिवस आहे. समजा, बरे झालेल्या माणसाच्या रक्तात १,००० एकक आयजीजी आहे आणि नवे मुळीच तयार होत नाही. तर २१ दिवसांनी ५००, ४२ दिवसांनी २५०, ६३ दिवसांनी १२५ एकक उरेल. अशी दहा अर्धायुष्ये, म्हणजे २१० दिवस गेल्यावर जेमतेम एक एकक शिल्लक राहील. वर्षअखेरीस तर मूळ साठ्याच्या दीड लाखाव्या हिश्शाहूनही कमी उरेल. म्हणजे जवळजवळ शून्यच!

प्रत्यक्ष मोजणी काय सांगते? अमेरिकेतील ला होया येथील शास्त्रज्ञांनी कोरोना होऊन गेलेल्या १८८ लोकांचे रक्त आठ महिन्यांपर्यंत तपासले आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काट्याविरुद्धच्या आयजीजीची पातळी निम्मी होण्यास त्यांत सुमारे १४० दिवस लागत होते. या हिशेबाने २१० दिवसांनी १,००० पैकी सुमारे ३५० एकक उरतात. आपल्या गणितात एक, प्रत्यक्षात साडेतीनशे! गणितही बरोबर आहे आणि मोजणीही बरोबर आहे. मग चुकले कोठे?

याचे उत्तर एका खेळातून मिळते. वर्गात तो अवश्य करून पाहा. चिंचोके फोडून त्यांची ६४ दळे घ्या. दळाची एक बाजू पांढरी असते, दुसरी तपकिरी. सारी दळे जमिनीवर टाका आणि ज्यांची पांढरी बाजू वर आली ती बाजूला काढा. उरलेली मोजा व लिहून ठेवा. ही एक फेरी म्हणजे २१ दिवस समजा. पुन्हा टाका, पुन्हा काढा. ६४, ३२, १६, ८ अशा सुमाराने आकडा उतरेल आणि सहा-सात फेऱ्यांत खेळ संपेल. (चिंचोक्याच्या दोन्ही बाजू पडण्याची शक्यता अगदी सारखी नसते. अधिक अचूकपणा हवा असेल तर नाणी घ्यावीत.)

आता हाच खेळ थोडा बदलून खेळा. पुन्हा ६४ दळांपासून सुरुवात करा, पण प्रत्येक फेरीनंतर पाच नवी दळे टाका. आकडे साधारणपणे ६४, ३७, २३, १७, १३, १२, ११ असे येतील आणि दहाच्या आसपास स्थिर होतील. आलेख कागदावर काढा. आधी तो तीव्र उताराने खाली येतो आणि नंतर सपाट होत जातो. फेरीत जितकी दळे जातात तितकीच नवी येऊ लागली, की पातळी टिकते. गळक्या टाकीवर बारीक धारेचा नळ चालू ठेवला तर पाणी एका उंचीवर जसे थांबते, तसेच हे आहे.

कोरोना होऊन गेलेल्यांच्या प्रतिपिंडांचा आलेखही असाच दिसतो. पहिले तीन-चार महिने उतार तीव्र आणि नंतर मंद. याचा अर्थ असा, की शरीरात कोठेतरी नळ चालू आहे. जुनी प्रतिपिंडे टिकून राहिलेली नाहीत, तर नवी तयार होत आहेत.

नळ कोठे आहे?

संसर्ग जोरात असताना शरीर घाईने पुष्कळ प्लाझ्मा पेशी तयार करते. प्लाझ्मा पेशी म्हणजे बी-पेशींपासून बनलेले प्रतिपिंडांचे कारखानेच. यांतील बहुतेक पेशी अल्पायुषी असतात. विषाणू गेल्यावर त्या मरून जातात आणि म्हणून रक्तातील पातळी सुरुवातीला झपाट्याने उतरते. ही उतरण सर्व रोगांत होते आणि ती व्हायलाच हवी. आजवर झालेल्या प्रत्येक संसर्गाची प्रतिपिंडे त्यांच्या सर्वोच्च पातळीवर टिकून राहिली असती, तर आपले रक्त प्रथिनांनी घट्ट झाले असते.

काही थोड्या प्लाझ्मा पेशी मात्र हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत जाऊन वस्ती करतात आणि तेथून दीर्घकाळ प्रतिपिंडे सोडत राहतात. कोरोनाच्या बाबतीत असे होते काय, हे अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तपासण्यात आले. बहुतेक सौम्य आजार झालेल्या ७७ लोकांचे रक्त तेथे वेळोवेळी तपासले जात होते. त्यांपैकी १८ जणांनी सात-आठ महिन्यांनी अस्थिमज्जेचा नमुना दिला. बहुतेकांच्या मज्जेत कोरोनाच्या काट्याविरुद्ध प्रतिपिंडे सोडणाऱ्या पेशी सापडल्या. पाच जण आणखी चार महिन्यांनी परत आले, तेव्हाही त्या पेशी होत्याच. ज्यांना कोरोना झालेला नव्हता, अशा ११ जणांत एकही सापडली नाही. हे संशोधन मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आलेखाच्या वळणावरून आपण ज्या नळाचे अनुमान केले, तो असा प्रत्यक्ष सापडला.

हा नळ किती वर्षे चालेल, हा वेगळा प्रश्न आहे. धनुर्वाताच्या लसीने मिळालेली प्रतिपिंडे कित्येक वर्षे टिकतात. २०२४ साली एमरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाची एमआरएनए प्रकारची लस घेतलेल्यांची मज्जा तपासली. तिच्यातील सर्वांत दीर्घायुषी पेशींच्या गटात धनुर्वात व फ्लूविरुद्धच्या पेशी भरपूर होत्या, पण कोरोनाविरुद्धच्या फारच थोड्या होत्या. म्हणजे कोरोनाच्या बाबतीत नळाची धार बारीक आहे आणि ती हळूहळू आणखी बारीक होऊ शकते.

अहवालात न दिसणारा साठा

मग पातळी फारच उतरली तर संरक्षण संपले काय? नाही. कारण शरीराने आणखी एक तरतूद केलेली असते. संसर्गानंतर काही बी-पेशी प्रतिपिंडे न सोडता शांत बसून राहतात. त्यांना 'स्मृतिपेशी' म्हणतात. त्यांच्याजवळ कानशीने नीट घासलेली किल्ली तयार असते. तोच विषाणू पुन्हा आला, की त्या भराभर वाढतात आणि पहिल्या वेळेपेक्षा कितीतरी लवकर प्रतिपिंडे सोडू लागतात. ला होया येथील त्याच पाहणीत एक लक्षणीय गोष्ट दिसली. काट्याविरुद्धच्या स्मृतिपेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात अधिक होत्या. म्हणजे ज्या काळात अहवालातील आकडा उतरत होता, त्याच काळात हा साठा वाढत होता!

याशिवाय 'टी-पेशी' असतात. त्या विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून नष्ट करतात आणि बी-पेशींनाही मदत करतात. २००३ च्या सुमारास सार्स नावाचा, याच घराण्यातील विषाणूचा रोग पसरला होता. त्यातून बरे झालेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी असल्याचे सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवले. नेहमीच्या एलायझा अहवालात स्मृतिपेशीही नसतात आणि टी-पेशीही नसतात.

या साऱ्याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, हे एका जुन्या प्रयोगातून चांगले कळते. कोरोना कुळातील काही विषाणूंमुळे आपल्याला साधी सर्दी होते. इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथील सर्दी-संशोधन केंद्रात स्वयंसेवकांच्या नाकात '२२९-ई' नावाचा असा एक विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. ज्यांना संसर्ग झाला, त्यांची प्रतिपिंडे वर्षभरात पुष्कळ उतरली. वर्षाने तोच विषाणू त्यांच्या नाकात पुन्हा सोडला. त्यांच्यातील बऱ्याच जणांना पुन्हा संसर्ग झाला, पण सर्दी मात्र एकालाही झाली नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. संसर्ग रोखणे आणि आजार रोखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विषाणूला दारातच अडवायला त्या क्षणी हजर असलेली भरपूर प्रतिपिंडे लागतात. आत शिरलेल्या विषाणूला फुप्फुसापर्यंत पोचण्याआधी आवरायला दोनचार दिवसांत जागी होणारी स्मृती पुष्कळदा पुरते.

विषाणू वेष पालटतो तेव्हा

२०२१ च्या नोव्हेंबरात ओमिक्रॉन हा नवा प्रकार दक्षिण आफ्रिकेत ओळखला गेला आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो पिंपरी-चिंचवडमध्येही सापडला. त्याच्या काट्यात तीसहून अधिक बदल झालेले होते. कुलपाची भोकेच बदलल्यामुळे जुन्या अनेक किल्ल्या त्यात फिरेनात. लस घेतलेल्यांना आणि पूर्वी कोरोना होऊन गेलेल्यांनाही जानेवारी २०२२ मध्ये भराभर संसर्ग झाला, तो यामुळे.

तरीही त्या लाटेत रुग्णसंख्येच्या मानाने गंभीर रुग्ण कमी होते. ओमिक्रॉन हा प्रकार डेल्टाहून काहीसा सौम्य होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण लोकांच्या शरीरातील पूर्वतयारी. टी-पेशी विषाणूच्या प्रथिनांचे अनेक लहान तुकडे ओळखतात. त्यांतील बहुतेक तुकडे बदललेले नव्हते, त्यामुळे टी-पेशींना हा विषाणू पुष्कळसा ओळखू आला.

याचा अर्थ एकदा कोरोना झाला म्हणजे कायमचे निर्भय झालो, असा मात्र करू नये. वृद्धांमध्ये स्मृतिपेशींचे काम मंदावते. कर्करोगावरील उपचार घेणारे, मूत्रपिंडाचे रोपण झालेले, अशांच्या शरीरात ती तयार होण्यातच अडथळे येतात. शिवाय संसर्गातून मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत फार मोठी असते. डेल्टाच्या लाटेत ही किंमत हजारो घरांनी मोजली. लस तीच ओळख आजाराशिवाय करून देते. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. त्यात वापरलेली कोव्हिशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली, तर कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने पुरवला.

मग आकडा कसा वाचावा?

आता पहिल्या दोन माणसांकडे पाहू. मोठा आकडा पाहून निर्धास्त झालेल्या माणसाने हे विचारायला हवे होते, की ही प्रतिपिंडे विषाणूला निकामी करतात की नुसती चिकटतात? आणि उद्या येणाऱ्या बदललेल्या विषाणूला ती चिकटतील काय? आकडा उतरल्यामुळे घाबरलेल्या माणसाने चिंचोक्यांचा आलेख आठवायला हवा होता. पहिल्या काही महिन्यांत आकडा निम्म्यावर येणे हा निसर्गक्रमच आहे आणि त्याच्या स्मृतिपेशी त्या अहवालात मोजलेल्याच नव्हत्या. आणखी एक गोष्ट. दोन वेगळ्या प्रयोगशाळांतील आकड्यांची सरळ तुलना करू नये, कारण चाचणी वेगळी असली की एककही वेगळे असू शकते. ही अडचण ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना ठरवून दिला, पण सगळे अहवाल त्या एककात नसतात.

ही केवळ पुस्तकी शंका नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच स्पष्ट सूचना दिली होती, की आपल्याला कोरोनापासून किती संरक्षण आहे हे ठरवण्यासाठी, विशेषतः लस घेतल्यानंतर, प्रतिपिंडांच्या चाचणीचा आधार घेऊ नये. घरातील आजीआजोबांनी पुढचा डोस घ्यावा की नाही, हे त्यांचे वय व आजार पाहून डॉक्टरांना विचारून ठरवावे. त्यासाठी रक्तातला आकडा काढून आणण्याची गरज नाही.

शिक्षकांना एक विनंती. चिंचोक्यांचा खेळ वर्गात घ्याल तेव्हा पहिल्या खेळाचा व दुसऱ्या खेळाचा आलेख मुलांना एकाच कागदावर काढायला सांगावा. नंतर फक्त दुसरा आलेख दाखवून विचारावे, "दर फेरीत किती नवी दळे टाकली असतील?" ज्या मुलाला हे सांगता येईल, त्याला उतरत्या आकड्यामागे चालू असलेला नळ दिसला, असे खुशाल समजावे.